राखणदाराची घडीची सायकल

होडीवर राहायला गेलेल्या माणसाच्या सगळ्या अडचणी पाण्यातल्या असतात, असा लोकांचा समज आहे. भेटेल तो विचारतो, वादळ आलं तर काय करता, मळमळतं का, मासे उडी मारून आत येतात का. कोथिंबीर संपली तर काय करता, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आमच्या सगळ्या अडचणी जमिनीवरच्या आहेत. 'निवांत' ही आमची सव्वीस फुटी शिडाची नौका रत्नागिरीच्या दक्षिणेला केवडवणे गावाच्या खाडीत नांगर टाकून उभी असते, आणि तिच्यावर मी आणि माझी पत्नी भार्गवी असे दोघे राहतो. ही नौका कोणाच्या डोक्यातून आली, या विषयाच्या खोलात मी शिरत नाही. भार्गवी शिरते, आणि एका कुटुंबाला तेवढं पुरे आहे.

जेटीपासून वाण्याचं दुकान अडीच किलोमीटर, तेही चढाचं. एसटी दिवसातून दोनदा येते. सकाळची आम्ही चहा घेत असताना निघून जाते आणि संध्याकाळची ड्रायव्हरच्या मर्जीने येते. रत्नागिरीचा रिक्षावाला जेटीपर्यंत यायला तयार नसतो, कारण शेवटचा उतार असा आहे की खाली आलेली रिक्षा वर न्यायला चार माणसं लागतात. म्हणजे आधी नौकेवरून छोट्या होडक्यात उतरायचं, वल्हवत जेटी गाठायची, चालत दुकानी जायचं, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत यायचं, पुन्हा वल्हवायचं, आणि नौकेवर पाय ठेवल्यावर आठवायचं की मीठ राहिलं. चारी बाजूंना समुद्राचं पाणी असताना मी मीठ विसरलो, यावर भार्गवी जे बोलली ते तिच्या माहेरच्या संस्कारांत बसणारं नव्हतं.

जेटीवर जाळी दुरुस्त करत बसणाऱ्या मंडळींकडे आमच्या प्रत्येक अडचणीवर तोडगा तयार असे. एकाने घोडा सुचवला. दुसऱ्याने नौका विकून स्कूटर घ्यायला सांगितलं. तिसरा म्हणाला, "चालायचां कशाला? लागलां काय तर हाक मारा, कुणीतरी आयकल." सल्ला न देणारी एकच बाई होती, ती म्हणजे चिमाकाकी. सत्तरीची, काटक, रोज सकाळी टोपलीत माठ आणि मुळा घेऊन जेटीवर यायची.

"तुमचां चालणां तरी कोरड्यातलां हाय, भाऊ," ती एकदा म्हणाली. "माजां घर पऱ्यापल्याड. पऱ्यावर साकव न्हाय. पावसाचे चार म्हयने मी तिकडंच. गेल्या साली पाण्यातनं येताना पडले, ती आंब्याच्या मुळीला धरून वाचले."

साकव म्हणजे पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, लहानसा पूल. तो ग्रामपंचायतीकडे मागायचा असतो, असं मी तिला अनुभवी सरकारी माणसाच्या थाटात सांगितलं.

"मागितला की. हे गाव म्हणतां तुजां घर त्या गावात, तां गाव म्हणतां ह्या गावात. चवऱ्याण्णव साली मोजणीवाला आला नि त्यानं माजां घर दोनी गावांच्या भायेर काढलान."

चवऱ्याण्णव सालचा तो मोजणीवाला मी होतो.

मोजणी खात्यात मी छत्तीस वर्षं भूकरमापक होतो. 'पोंक्षे यांची एकही मोजणी कधी चुकली नाही,' असं माझ्या निरोपसमारंभात साहेब माइकवरून म्हणाले होते. ते वाक्य मी सुवाच्य अक्षरात लिहून, चौकट करून नौकेच्या केबिनमध्ये लावलं आहे. त्यामुळे चूक झालीच असेल तर ती चिमाकाकीच्या घराची असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तरीही मी कोण हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. साकवाचा विषय निघाला की मी मुळ्याचा भाव विचारायचो, आणि ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून भाव सांगायची.

असो. आमच्या पायांची दया येऊन पुण्याहून आमच्या लेकीने, अवनीने, सायकल धाडली. साधी नव्हे, घडी होणारी. कुरिअरवाल्याचा फोन आला.

"पत्ता सापडत नाही, साहेब. जवळची खूण सांगा."

"पाणी," मी म्हणालो.

"कुठली इमारत?"

"इमारत नाही. तुम्ही पाण्याच्या कडेला या आणि हाक मारा."

त्याने शेरा मारला, 'इसम पत्त्यावर राहत नाही', आणि सायकल लांज्याला परत गेली. ती सोडवून आणण्यात माझे तीन दिवस गेले. राहण्याचा पुरावा म्हणून मी नांगराची पावती दाखवली, ती त्यांना चालली नाही. अखेर भार्गवीने फोन घेतला आणि सायकल दुसऱ्या दिवशी आली.

सायकल सुरेख होती. निळी, लहान चाकांची, मागे स्प्रिंगचं कॅरियर आणि हँडलवर किती किलोमीटर झाले ते दाखवणारा मीटर. ज्या यंत्राला आकडे दिसतात त्यावर माझा जीव बसतो. घडी करायच्या आठ पायऱ्या माहितीपत्रकात दिल्या होत्या. मला त्या सोळा लागत, आणि मध्ये एकदा बोट सापडे. पहिल्याच फेरीत सायकल होडक्यात घालून निघालो तर होडकं एका अंगाला कललं आणि भार्गवीची साडी गुडघ्यापर्यंत खाडीत बुडाली. सायकल जमिनीवरच राहील, असा निर्णय तिथेच झाला.

जेटीच्या वरच्या अंगाला एक जुनी सातवीण आहे. तिच्याखाली भर उन्हाळ्यातही गारवा असतो, पण तिथे कोणी जाळं वाळत घालत नाही, गुरं बसत नाहीत, पाखरू बोलत नाही. बुंध्याशी कमरेएवढा काळा पाषाण, त्याला तेल माखलेलं, आणि त्याच्यासमोर चामड्याच्या वहाणांचा एक जोड. वहाणा हातभर लांबीच्या होत्या. गावाच्या राखणदाराचं हे स्थान, एवढं मला कळलं. माझं लक्ष मात्र शेजारी रोवलेल्या लोखंडी खांबाकडे होतं. साखळी बांधायला त्याहून उत्तम जागा नव्हती.

नवं वाहन म्हणजे पूजा आलीच. भार्गवीने सायकलला हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ घातली, आणि राखणदारासमोर नारळ फोडून म्हणाली, "सांभाळ रे बाबा." तुम्हीही असंच केलं असतं. घराण्यात आजवर घेतलेल्या प्रत्येक वाहनापुढे, अगदी पिठाच्या चक्कीपुढेही, आम्ही नारळ फोडलेला आहे. जाळी दुरुस्त करणाऱ्यांचे हात मात्र तेवढ्यात थांबले. एकजण उठून उभा राहिला. त्याचा अर्थ मी सायकलचं कौतुक असा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. मी सायकल घडी करून, साखळी गुंडाळून, कुलूप घालून ठेवली होती. साखळी होती, कुलूप तसंच लागलेलं होतं, आणि साखळीच्या वेढ्यात सायकल पूर्ण उलगडून उभी होती. टायरांना सड्यावरची, डोंगरमाथ्याच्या कातळावरची, तांबडी माती, आऱ्यांत कुसळं. सीट तिच्या नळीच्या टोकापर्यंत वर चढवलेली. मी बसून पाहिलं तर माझे पाय पेडलपासून वीतभर वर लोंबकळले. इतक्या उंच सीटवर बसून पाय टेकवायला माणूस सात फुटांच्या वर हवा. मीटरवर काल मी ठेवलेल्या आकड्यापेक्षा तेरा पूर्णांक सहा किलोमीटर जास्त होते.

माझा पहिला संशय मुंबईहून आलेल्या एखाद्या चाकरमान्यावर गेला. सीट खाली केली, घडी केली, आणखी एक कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही कुलपं जागच्या जागी, सीट वर, आणि पुन्हा तेरा पूर्णांक सहा. चौथ्या दिवशीही तेच. हँडलच्या मुठींना विडीचा वास येत होता. रात्री पहारा करावा, असा ठराव मी नौकेवर मांडला. भार्गवीने तो फेटाळला, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

पाचव्या दिवशी मी चौकीवर गेलो. हवालदार सज्जन होते. वही उघडून त्यांनी विचारलं, "काय चोरीला गेलं?"

"काही नाही. सायकल आहे."

"मोडतोड?"

"नाही. उलट सीटच्या नळीला कोणीतरी तेल घालून ठेवलं आहे."

"मग तक्रार काय?"

"वापर होतो. माझ्या परवानगीशिवाय."

"कोण वापरतो, बघितलंत?"

"नाही. पण रोज रात्री तेरा पूर्णांक सहा किलोमीटर. कमी नाही, जास्त नाही. आणि उभी असते सातविणीखाली."

सातवीण ऐकताच हवालदारांनी पेनाला टोपण घातलं. मग वही मिटली. मग खुर्ची मागे सरकवून पायातले बूट काढले आणि दोन्ही हात जोडून खाडीच्या दिशेने नमस्कार केला. "साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्याची नोंद आमच्याकडं होत नाही. तुम्ही रावजी गुरवाला भेटा. आणि मी आज भेटलो नाही, असं समजा."

रावजी गुरव राखणदाराचा पुजारी. मी गेलो तेव्हा तो ओटीवर सुपारी कातरत बसला होता. माझीच वाट बघत असावा, कारण पाट मांडलेला होता.

"भाऊ, दिलेली वस्तू परत मागू नये," तो म्हणाला.

"मी दिली कधी?"

"वैनीनं नारळ फोडलान ना? आमच्यात वाहनाम्होरं नारळ देवळात फोडतात. राखणदाराम्होरं फोडला की ती वस्तू त्याची. दरवर्सी आमी त्याला वहाणा देतांव त्या अशाच देतांव. रातचा तो गावाची शीव फिरतो. वर्साच्या शेवटी बघा, तळवे झिजून चाळण झालेली असते." एवढं बोलून त्याने आतून एक जोड आणला आणि माझ्या पुढ्यात उपडा ठेवला. तळव्यांना खरंच भोकं पडली होती. "ह्यो मागल्या सालचा. आता ह्या सालचा तिथं जाऊन बघा. कोराच्या कोरा. तुमची सायकल आल्यापास्नं त्यानं वहाणेत पाय घातलान न्हाय."

मी म्हणालो, मला काही तरी लेखी पाहिजे. छत्तीस वर्षांची सवय. रावजीने शांतपणे सांगितलं की लेखी मिळत नाही, कौल मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सात गावकरी जमले. रावजीने पाषाणाच्या दोन खांद्यांवर तांदळाचे दाणे पाण्याने चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं, की बा राखणदारा, पाण्यावर ऱ्हाणारा हा मानूस चुकला असंल तर पोटात घाल, सायकल त्याला माघारी देयाची असंल तर उजवा दे. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मीही म्हणालो. वारा नव्हता. डावीकडचा दाणा खाली पडला, आणि बघता बघता डावीकडचे सगळेच पडले.

"येवढा डावा मी माज्या जल्मात बघितला न्हाय," रावजी म्हणाला.

अखेर तडजोड झाली. दिवसा मी, रात्री तो. यालाही कौल लावला, आणि तो उजवा मिळाला. भार्गवीने हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग रोज सकाळी सीट खाली कशाला करायची? मोठ्यांनी वर केली आहे, राहू दे वर." त्या दिवसापासून मी सायकल बहुतेक ढकलत नेत असे. गावातली माणसं सायकल दिसली की थांबून नमस्कार करत. पहिले चार दिवस मी मान लववून तो स्वीकारलाही.

एवढ्यावर सुखाने निभावलं असतं. पण माझ्या डोक्यात तो आकडा बसला होता. केवडवण्याच्या शिवेची लांबी किती, हे या जगात मला जितकं ठाऊक होतं तितकं कोणाला नव्हतं. बारा किलोमीटर नऊशे मीटर. मीच मोजली होती. मग राखणदार तेरा पूर्णांक सहा का फिरतो? सातशे मीटर जास्त. आठ दिवस मी झोपेत हा हिशेब करत होतो. मला भुताखेतांची भीती कमी आणि त्या सातशे मीटरचा संताप जास्त होता. दुसऱ्याच्या सायकलवर बसायचं आणि वर त्याची मोजणी खोटी पाडायची, हे मला देवपणाला शोभणारं वाटेना. मी ठरवलं, आपण स्वतः शीव फिरायची. मीटरच सांगेल कोण खरं ते.

सकाळी नऊला नकाशा घेऊन निघालो. सीट त्या दिवसापुरती खाली केली, आणि करताना, का कोण जाणे, माफी मागितली. सड्यावर पहिला हद्दीचा दगड सापडला, दुसरा सापडला, सगळे माझ्या नकाशाबरहुकूम. मी मोठ्याने शीळ घालत होतो. सहाव्या दगडापाशी मागचं कॅरियर कुरकुरलं. स्प्रिंग दबताना होतो तसा आवाज. त्याच क्षणी सायकल जड झाली. सपाट कातळावर मी चढावर असल्यासारखा पेडल मारत होतो आणि घामाने निथळत होतो. मागे वळून पाहिलं तर कॅरियरवर कोणी नव्हतं. स्प्रिंग मात्र पुरती दबलेली होती. मग मी वळून पाहणं बंद केलं आणि शीळही बंद केली. मुठींना येणारा विडीचा वास आता मानेमागून येत होता.

पाखाडीच्या पायऱ्या उतरून पऱ्याशी आलो तेव्हा सूर्य माथ्यावर होता. पाणी घोट्याएवढं. इथून माझी हद्द डावीकडे वळते आणि पऱ्याच्या काठाकाठाने जाते. मी हँडल डावीकडे वळवलं. ते सरळ झालं. पुन्हा वळवलं, पुन्हा सरळ झालं. तिसऱ्यांदा मी दोन्ही पाय रोवून ओढलं, तेव्हा माझ्या हातांवर कोणीतरी हात ठेवावेत तसा भार आला. हात थंड होते आणि मोठे होते. त्यांनी मला दुखवलं नाही. फक्त हँडल सरळ केलं. पुढचं चाक पाण्यात गेलं आणि मी मागोमाग गेलो. मला हात सोडून पळून जाता आलं असतं, असं भार्गवी म्हणते. तिने ते हात अनुभवलेले नाहीत.

पलीकडच्या काठावर चिमाकाकीचं घर होतं. त्याच्या मागच्या चढावर, झाडीत, एक दगड उभा होता. आमच्या खात्याचा नव्हे, त्याहून फार जुना. त्यावर टाकीने कोरलेली खूण होती आणि तेलाचे ओघळ होते. तो हद्दीचा दगड आहे, हे छत्तीस वर्षं तेच काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सायकल त्याच्यापाशी थांबली. मागची स्प्रिंग किर्र करून वर आली आणि सायकल एकदम हलकी झाली. मग दगडाच्या पलीकडची वाळकी पानं एकामागून एक दबत गेली, कोणी सावकाश चालत जावं तशी. मी मीटर पाहिला. पऱ्यापासून दगडापर्यंत साडेतीनशे मीटर. पलीकडून परत पऱ्यावर उतरायला तेवढंच.

मला सगळं आठवलं. म्हणजे मी ते कधी विसरलोच नव्हतो. वैशाखातली दुपार, पऱ्या पार कोरडा, ओलांडायला दोन पावलं पुरली असती. पण आम्ही नुकतेच खोतांच्या ओटीवर जेवलो होतो. फणसाची भाजी होती, आणि आमरसाला मी तीनदा हो म्हटलं होतं. समोर चढ होता आणि डोळ्यांवर झापड होती. मी पाटावर बसल्या बसल्या हात लांब करून शिपायाला म्हणालो, "पऱ्या हीच हद्द धर." मग मोजणीच्या साखळीची मापं टिपणवहीत मनानेच लिहिली, ती खरी वाटावीत म्हणून एकदोन आकडे खोडून दुरुस्तही केले, आणि झोपलो. शेजारच्या गावाची हद्द आधीपासून त्या जुन्या दगडावर होती. मधल्या तुकड्याला कोणीच वाली उरला नाही. चूक नव्हती ती. चुकीला निदान श्रम पडतात.

"आज उजेडी आलाव?"

चिमाकाकी मागच्या दारात उभी होती. ती माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या खांद्यावरून, जिथे पानं दबत गेली त्या बाजूला बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "नि तुमी पन."

तिने दोन पेले पाणी आणि दोन गुळाचे खडे आणले. एक माझ्या हातात दिला, दुसरा दगडापाशी ठेवला. त्या दुसऱ्या पेल्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

"काकी," मी म्हणालो, "चवऱ्याण्णवचा तो मोजणीवाला मी."

"ठावां हाय."

"कधीपासून?"

"जेटीवर पयल्या दिशी बघितलां तवापासनं. तुमी खोताच्या ओटीवरनं हात दाखवलाव ना, तवा मी हितंच दारात हुते. मोजणीवाले पऱ्या वलांडून येतील, उन्हाचे येतील, म्हणून तांब्या भरून ठेवला हुता."

तीस वर्षं मी त्या खोट्या मोजणीवर निवांत झोपलो होतो. मला इतकी लाज वाटली की खाली बघितल्यावर स्वतःचे पायसुद्धा ओळखीचे वाटेनात.

"मग बोलला का नाहीत कोणाला?"

"बोलले की. त्याला." तिने हनुवटीने दगड दाखवला. "तीस वर्सां सांगतेय. त्यानं कदी वाट सोडलान न्हाय, रोज माज्या घराला वळसा घालतो. पन त्याच्या पायानं चाललेलां कागदावर कोन घेनार? तुमची सायकल आली, तवा कुटं आकडा दिसाया लागला."

दुसऱ्या दिवशी मी फेरमोजणीचा अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. तिथल्या कारकुनाने तो तीनदा वाचला. निवृत्त भूकरमापकाने स्वतःविरुद्ध करायच्या अर्जाचा नमुनाच उपलब्ध नाही, असं त्याने सांगितलं. मग 'चुकीचे कारण' या रकान्यावर बोट ठेवलं. मी तिथे 'आमरस' लिहिलं होतं. त्याने ते खोडून 'दुर्गम भूभाग' लिहिलं.

"कशाला अंगावर घेता, पोंक्षेसाहेब? तुमचं नाव आहे खात्यात."

"भूभाग दुर्गम नव्हता," मी म्हणालो. "पऱ्या कोरडा होता. मी जेवून झोपलो, असं लिहा." तो लिहीना, तेव्हा मी पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं. नौकेवर परतल्यावर ती चौकट खिळ्यावरून काढून ठेवली. भार्गवी स्वयंपाक करत होती. तिने पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला काही सुनावलं नाही. जेवताना ती म्हणाली, "पावसाच्या आत होईल ना पण साकव?" तेच मलाही कुरतडत होतं.

फेरमोजणी माघात लागली. खात्याकडून सानिका नावाची भूकरमापक आली. पंचविशीची, हुशार. साखळ्या आता गेल्या. तिपाईवर यंत्र उभं करायचं, पलीकडे एकाने टोकाला काचेचं प्रिझम लावलेली काठी धरून उभं राहायचं, आणि यंत्रातून त्या काचेवर नजर लावली की अंतर आपोआप येतं. यंत्र तिने पऱ्याच्या अलीकडच्या काठावर लावलं. साडेअकरा वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतं. तिने नकाशा पाहिला, समोरचा चढ पाहिला, कपाळ पुसलं.

"काका, जुन्या नकाशात पऱ्याच हद्द आहे. तीच धरू या का? उगाच कशाला वर चढायचं?"

मी काठी उचलली, पऱ्या ओलांडला आणि चढ चढलो. गुडघे ओरडत होते. चिमाकाकी मागच्या दारात उभी होती, रावजी आणि चार गावकरी अंगणात. जुन्या दगडाला टेकवून मी काठी सरळ धरली, तिच्यावरच्या पातळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला आणि हात वर केला. खाली सानिकाने यंत्राला डोळा लावला. बराच वेळ गेला. झाडीतला आवाज हळूहळू थांबत गेला आणि मग पार थांबला.

"काका," तिने खालून हाक मारली, "तुमच्या पुढे ते उंच गृहस्थ उभे आहेत ना, त्यांना जरा बाजूला व्हायला सांगा. प्रिझम झाकलं जातंय."

माझ्या पुढे ऊन होतं, चढ होता, आणि खाली ती यंत्राला डोळा लावून वाकलेली दिसत होती. मध्ये कोणी नव्हतं. रावजीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. चिमाकाकीने पदर खांद्यावरून पुढे ओढला. बुडबुडा हलला, आणि तो परत मधोमध आणायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

"महाराज," मी अगदी हळू म्हणालो, "जरा बाजूला व्हा. या वेळी मी स्वतः चालत आलोय."

माझ्या डाव्या हाताशी दोन वाळकी पानं दबली.

"हां, झाले बाजूला," सानिका म्हणाली. तिने आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि वर बघून ओरडली, "काका, घर गावात आहे."